प्रत्यंचा आणि खांदा : जालना परिसरातील धनुर्विद्या, शिकार आणि ओढीच्या साधनांचा इतिहास

धनुष्यातून सुटणाऱ्या बाणाचे बळ हे धनुष्य ओढणाऱ्याच्या अंगातूनच आलेले असते. दोरी कानापर्यंत मागे खेचताना खांदा, पाठ आणि दंड जे काम करतात, ते धनुष्याच्या लवलेल्या दोन्ही बाहूंत साठते आणि दोरी सुटताच बाणात उतरते. त्यामुळे धनुष्य जितके कडक तितका बाण दूर जातो आणि खोल रुततो. पण तितकाच मजबूत खांदाही लागतो. म्हातारपण, जुनी दुखापत, आखडलेला सांधा किंवा मुळातच बेताची शरीरयष्टी असलेल्या माणसाला ही अट आडवी येते. धनुष्य हाती घेतलेल्या प्रत्येक समाजाला या अडचणीवर काही ना काही तोड काढावी लागली. कोणी खांद्याला तालीम देऊन तो बळकट केला, कोणी ओढीचा भार पायावर, कमरेवर किंवा चक्रावर टाकला, तर कोणी दोरी ओढण्याचे कामच टाळले.

आजच्या जालना जिल्ह्याच्या भूमीवर यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या वाटेच्या खुणा सापडतात. हा जिल्हा 1 मे 1981 रोजी स्वतंत्र झाला. त्याआधी त्याचा मोठा भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि काही भाग परभणी जिल्ह्यात होता. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला गोदावरी आणि मधे पूर्णा, दुधना, कुंडलिका यांची खोरी असा हा मुलूख आहे. ज्वारी-कापसाची रानं आणि गवताळ माळ यांमुळे इथे काळवीट, चिंकारा, रानडुक्कर, तितर, लावा अशी शिकार विपुल होती. दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांची वाटही इथूनच जात असे. म्हणून शिकाऱ्याची आणि सैनिकाची, दोन्ही प्रकारची धनुष्ये या भागाने पाहिली.

पायाचा आधार आणि बांबूची कांब

भारतीय धनुष्याचे एक जुने परकीय वर्णन अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या वृत्तांतावरून अॅरियन या ग्रीक लेखकाने दिले आहे. भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असे. त्याचे एक टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाब देऊन सैनिक दोरी मागे खेचत. इतक्या मोठ्या धनुष्याचा सगळा ताण एकट्या खांद्याला पेलणार नाही, हे जाणून पायाला कामाला लावण्याची ही रीत होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग यांपासून केलेल्या धनुष्यांची वेगवेगळी नावे आहेत आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू अशी द्रव्ये सांगितली आहेत. त्याच प्रकरणात एका जागी रोवून वापरायच्या यंत्रांची यादीही येते. त्यांतील ‘जामदग्न्य’ हे बाण सोडणारे यंत्र असावे, असा टीकाकारांचा अर्थ आहे.

जालन्याच्या उत्तर सीमेजवळच्या अजिंठ्याच्या लेण्यांत धनुर्धर चितारलेले आहेत. दहाव्या लेण्यातील श्यामजातकाच्या चित्रात शिकारीला निघालेल्या राजाचा बाण अंध आई-वडिलांची सेवा करणाऱ्या श्यामाला लागतो. हे चित्र सातवाहन काळातील आहे. त्या काळी आजचे भोकरदन ‘भोगवर्धन’ या नावाने भरभराटीचे व्यापारी नगर होते.

अजिंठा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्लांचा तिरकमठा ही या भागातली दीर्घकाळ टिकलेली परंपरा. कमठ्याची कांब बांबूची आणि पुष्कळदा दोरीही बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची. अशा धनुष्याची ओढ फार कडक नसते. ती उणीव भिल्ल शिकारी अंतर कमी करून भरून काढत असे. झुडपाआडून, वारा तोंडावर घेत, जनावराच्या अगदी जवळ जायचे आणि मगच बाण सोडायचा. बाण अंगठा न वापरता तर्जनी आणि मधल्या बोटात धरून ओढण्याची त्यांची रीत एकलव्याच्या गुरुदक्षिणेशी जोडून सांगितली जाते. कमी ओढीच्या धनुष्याने शिकार साधायची तर जवळीक, दबा आणि संयम हवा, हा धडा या परंपरेने घालून दिला.

शिंगाचे धनुष्य, अंगठ्यावरचे कडे आणि लेझीम

सुलतानी आणि मुघल फौजांबरोबर दख्खनमध्ये दुसऱ्या जातीचे धनुष्य आले. लाकडाच्या गाभ्याला पोटाकडून शिंगाच्या पट्ट्या आणि पाठीकडून जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून ते घडवत. दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळून जवळजवळ गोल होत असे. आकाराने आखूड असल्याने ते घोड्यावरून सहज फिरवता येई आणि आखूड असूनही फार जोराचे असे. त्याला नुसती दोरी चढवणे हेही ताकदीचे काम होते. कांब हलकी शेकून, मांड्यांत अडकवून किंवा दुसऱ्या माणसाची मदत घेऊन ती उलटी वळवावी लागे. हात घसरला तर कांब पिळवटून मोडत असे.

हे धनुष्य अंगठ्याने ओढत. उजव्या अंगठ्यावर संगेयशब (जेड), हस्तिदंत, शिंग किंवा धातूचे कडे असे, त्याला ‘जिहगीर’ म्हणत. कड्याची एक बाजू ओठासारखी पुढे आलेली असते. दोरी त्या ओठाच्या मागे बसते, अंगठा मुडपून दोरीभोवती येतो आणि तर्जनी अंगठ्याच्या नखावर दाबून कडी बसवते. तर्जनी सैल केली की दोरी कड्याच्या गुळगुळीत कडेवरून घसरून सुटते. या कड्यामुळे कडक दोरी अंगठ्याच्या मांसात रुतत नाही आणि बाण स्वच्छ सुटतो. मात्र त्याने फक्त बोटांचे रक्षण होते. खांद्यावरचा भार तसूभरही कमी होत नाही.

तो भार पेलण्यासाठी या परंपरेने खांद्यालाच तयार करण्याची वाट धरली. नवशिक्याला आधी मऊ ओढीचे धनुष्य देत आणि ओढ क्रमाक्रमाने वाढवत नेत. याच सरावातून लेझीम आले. धनुष्याच्या आकाराची कांब आणि दोरीच्या जागी लोखंडी साखळी, तीत धातूच्या चकत्या ओवलेल्या, असे मूळचे लेझीम धनुर्धराचे खांदे, दंड आणि पाठ घोटवण्याचे साधन होते. साखळीच्या वजनामुळे ओढताना आणि परत आणताना स्नायूंना दोन्हीकडून काम पडते. तालमीत जोर, बैठका, मुद्गल आणि करेला यांच्या जोडीने लेझीम फिरू लागले. पुढे धनुष्य मागे पडले तरी लेझीम राहिले. त्याला हलगी-ढोलाचा ताल मिळाला आणि गावोगावच्या मिरवणुकांतून, शाळांच्या मैदानांतून ते महाराष्ट्राचे सांघिक नृत्य बनले. 1982 साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनातही महाराष्ट्राच्या पथकाने लेझीम खेळून दाखवले.

खांद्याला तयार करण्याच्या वाटेची किंमतही मोठी होती. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज 1545 मध्ये बुडाले आणि 1982 मध्ये वर काढले गेले. त्यात शंभराहून अधिक लांब धनुष्ये मिळाली. त्यांची ओढ सुमारे 100 ते 185 पौंडांची, म्हणजे 45 ते 84 किलोची असावी, असा अंदाज आहे. जहाजावरच्या सांगाड्यांत खांद्याच्या फऱ्याचे टोक उरलेल्या हाडाशी न सांधलेले असण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळले. लहानपणापासून कडक धनुष्य ओढल्याने हाड जुळायच्या वयात तिथे सतत ताण पडला, असा त्याचा अर्थ लावला जातो. धनुर्धर घडवायला वर्षे लागत आणि घडवतानाच शरीर झिजत असे.

जालन्यातला अबुल फझल आणि रोषणगावची लढाई

मुघल शस्त्रागाराची सर्वांत पद्धतशीर नोंद करणारा लेखक जालन्याशी जोडलेला आहे. अकबराचा मंत्री आणि ‘आईने-अकबरी’चा कर्ता अबुल फझल 1599 मध्ये दख्खनच्या मोहिमेवर आला आणि काही काळ जालन्यात राहिला. 1602 मध्ये दरबारात परत जात असताना वाटेत त्याचा खून झाला. ‘आईने-अकबरी’त शस्त्रांची यादी किमतींसह दिलेली आहे. तीत नेहमीच्या कमानीबरोबर गोळ्या मारण्याची ‘कमान-इ-गुरोहा’, बाणाला वाट देणारी ‘नावक’ आणि ‘तख्श-कमान’ ही नावे येतात. तख्श-कमान म्हणजे आडवे धनुष्य, ज्याला आज क्रॉसबो म्हणतात, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. काहींच्या मते ते नुसते लहान धनुष्य होते.

याच ग्रंथात बंदुकांच्या कारखान्याचे वर्णन आहे. बैलाने फिरणाऱ्या एका चाकावर एकाच वेळी सोळा नळ्या आतून घासून साफ करण्याची युक्ती अकबराच्या नावावर सांगितली आहे. माणसाच्या दंडाचे काम जनावराच्या चालीवर सोपवण्याची ही कल्पना मुघल कारागिरांना चांगलीच ठाऊक होती. पण ती बंदुका घडवण्याकडे वळली. धनुष्याची दोरी ओढण्यासाठी मात्र तसे यंत्र इथे रुजले नाही.

अबुल फझलनंतर हा मुलूख निजामशाहीचा सेनापती मलिक अंबर याच्या हालचालींचे केंद्र बनला. त्याने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. 1616 च्या सुरुवातीला जालन्याजवळच्या रोषणगावी शाहनवाझखानाच्या मुघल फौजेने मलिक अंबर आणि त्याच्या दख्खनी मित्रांचा पराभव केला. त्याच सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढले, ते आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात भाल्याच्या टोकावर लावलेल्या मलिक अंबरच्या शिरावर जहांगीर धनुष्यातून बाण सोडताना दाखवला आहे. प्रत्यक्षात मलिक अंबर जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही. तो 1626 मध्ये नैसर्गिक मृत्यूने गेला. पण बादशहाचा पराक्रम दाखवायला चित्रकाराने निवडले ते धनुष्यच. कडक कमान सहज ओढणारा खांदा हे तेव्हा राजसत्तेचे लक्षण मानले जात होते.

पोट, पाय, कंबर आणि चक्र

खांद्याचा भार दुसरीकडे वळवण्याची वाट ग्रीस, चीन आणि युरोप यांनी पुढे नेली. आडव्या धनुष्यात कांब एका लाकडी दांड्यावर आडवी बसवतात. दोरी ओढून एका खिळीत अडकवली की ती तशीच ताणलेली राहते. नेम धरताना हाताला ताण नसतो. त्यामुळे ओढणे आणि सोडणे ही दोन कामे वेगळी झाली. ओढायला कितीही वेळ घेता येतो आणि शरीराचा कोणताही भाग वापरता येतो.

पहिले साधन पोट हे होते. अलेक्झांड्रियाच्या हेरोनने वर्णिलेल्या ग्रीक ‘गॅस्ट्राफेटीस’च्या मागच्या टोकाला चंद्रकोरीसारखी कमान असे. पुढचे टोक जमिनीवर टेकवून सैनिक पोटाने कमानीवर रेटा देई आणि अंगाच्या वजनाने दोरी मागे सरके. चीनमध्ये पहिला सम्राट छिन श-हुआंग याच्या समाधीजवळ 1974 मध्ये मातीच्या सैनिकांचे दालन सापडले. त्यात आडव्या धनुष्यांच्या कांशाच्या खिळी मिळाल्या. हान काळात बसून दोन्ही पायांनी कांब ढकलत, दोरी हातांनी ओढणारे सैनिक निराळे निवडले जात. चीनमधले आवर्ती धनुष्य तर एक दांडा मागेपुढे करताच दोरी ओढणे, बाण बसणे आणि सुटणे ही तिन्ही कामे करी. त्याची ओढ हलकी आणि मारा जवळचा, त्यामुळे घराच्या राखणीसाठी ते दुबळ्या हातांतही चाले.

युरोपात बाराव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत एकामागून एक साधने निघाली. आधी दांड्याच्या पुढच्या टोकाला रिकीब आली. सैनिक रिकिबीत पाय घालून धनुष्य जमिनीशी रोखून धरी. मग कमरपट्ट्याला आकडा आला. गुडघे वाकवून आकडा दोरीत अडकवायचा आणि सरळ उभे राहायचे, की दोरी खिळीत जाऊन बसे. इथे काम मांड्यांचे आणि पाठीचे होते. खांदे जवळजवळ मोकळे असत. जालन्याच्या विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली, त्यांना हे तत्त्व लगेच उमगेल. धावेवरून उताराला चालणारे बैल नाडा ओढतात तेव्हा त्यांच्या अंगाचे वजनच मोट थारोळ्यापर्यंत वर आणते. पुढे आकड्याला कप्पी जोडली गेली, म्हणजे ओढीचा भार निम्म्यावर आला. त्यानंतर दोन फाट्यांची तरफ आली, तिला तिच्या आकारावरून बकरीचा पाय म्हणत. पंधराव्या शतकात कांब पोलादी झाल्यावर मनुष्याच्या अंगबळाने ती ओढणे अशक्य झाले. तेव्हा कप्प्यांची जोडी आणि हँडल असलेला रहाट, आणि दातेरी पट्टी व दातेरी चाकाचे यंत्र ही दोन साधने पुढे आली. राल्फ पेन-गॉलवे याने 1903 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आडव्या धनुष्यावरच्या ग्रंथात सुमारे 1,200 पौंड, म्हणजे 540 किलोहून जास्त, ओढीच्या जुन्या पोलादी धनुष्याचे वर्णन केले आहे. असे धनुष्यही एक माणूस हँडल फिरवून ताणू शकत असे.

या सगळ्या साधनांचा नियम एकच आहे. बळ जितके वाचवावे तितके अंतर आणि वेळ जास्त लागतो. कप्पीने भार निम्मा केला की दोरी दुप्पट ओढावी लागते. दातेरी यंत्राने भार बोटावर आणला तर हँडलचे वेढे वाढतात. म्हणून रहाटाचे धनुष्य मिनिटाला फार तर एक-दोन बाण सोडी. 1346 च्या क्रेसीच्या लढाईत जिनोआच्या आडव्या धनुष्यवाल्यांना इंग्लंडच्या लांब धनुष्यवाल्यांच्या वेगापुढे टिकता आले नाही. तरीही शहराच्या तटावर किंवा शिकारीच्या मचाणावर, जिथे घाई नव्हती, तिथे हे शस्त्र फार उपयोगी पडले. थोड्या सरावात कुणालाही ते चालवता येई. या शस्त्राची धास्ती एवढी होती की 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याचा वापर करण्यास मनाई केली. ती फारशी पाळली गेली नाही.

भारतात आडवे धनुष्य निकोबार बेटांवर आणि ईशान्येच्या काही डोंगराळ भागांत वापरात राहिले. दख्खनमध्ये ते रुजले नाही, याची कारणे इथल्या युद्धपद्धतीत आहेत. इथली लढाई घोडेस्वाराची होती. पाय रोवून किंवा हँडल फिरवून दोरी ताणणे घोड्यावरून जमत नाही. शिंगाचे धनुष्य आखूड, जोरदार आणि जलद होते. आणि ज्या पायदळाला आडव्या धनुष्याचा उपयोग झाला असता, त्याच्या हाती लवकरच बंदूक आली.

दोरी न ओढणारे शिकारी

सैनिकाला धनुष्य सोडायला बंदूक यावी लागली. मराठवाड्याच्या माळावरच्या शिकाऱ्यांनी मात्र अंगबळाची अट फार पूर्वीच बाजूला ठेवली होती. फासेपारधी हे त्याचे ठळक उदाहरण. हरणासाठी तातीचे, म्हणजे आतड्याच्या किंवा स्नायूंच्या पिळलेल्या दोरीचे, फास करून ते एका लांब दोराला ओळीने बांधतात आणि दोर खुंट्यांनी जमिनीत पक्का करतात. ही ओळ कळपाच्या रोजच्या वाटेवर, झुडपांच्या आडोशाने लावली जाते. मग दोघे-तिघे लांबून वळसा घालून, धावपळ न करता कळपाला हळूहळू त्या बाजूला सरकवतात. तितर आणि लाव्यासाठी घोड्याच्या केसांचे बारीक फास कामट्यांना बांधून पिकाच्या धुऱ्यावर मांडतात. पारधी तितराचा आवाज काढतो आणि पक्षी चालत फासात येतो. काही पारधी शिकवलेल्या गाई-बैलाच्या आड चालत जनावराजवळ जात. काही चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट मारून घेत. मुघल दरबारांपासून कोल्हापूरपर्यंत चित्त्याच्या शिकारीचा शौक अशा जाणकारांवरच चालत असे. या कामात मोल होते ते जनावराच्या सवयीची पारख, वाऱ्याची दिशा आणि हाताची नजाकत यांचे. खांदा थकलेला वृद्ध पारधीही फास विणण्यात आणि आवाज काढण्यात घरातला सर्वांत जाणता असे.

इंग्रजी राजवटीत 1871 पासून गुन्हेगार जमातींचे कायदे लागू झाले आणि पारध्यांसारख्या भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. हे कायदे 1952 मध्ये रद्द झाले. पण तो शिक्का समाजाच्या मनातून अजून पुरता पुसला गेलेला नाही, आणि त्यांच्या निसर्गज्ञानाची नोंद करण्याकडे फार काळ दुर्लक्ष झाले.

शेतकऱ्याच्या घरी याच प्रकारची दोन साधने होती. एक गलोल, म्हणजे दोन दोऱ्यांमध्ये गोळीसाठी खोळ असलेले हलके धनुष्य. तिची ओढ इतकी मऊ की मुलेही ती चालवत. दुसरे गोफण. हुरड्यात आलेली ज्वारी राखताना माळ्यावर बसलेली म्हातारी माणसे आणि बायका गोफणीने पाखरे उडवत. गोफणीत दोरी ताणावी लागत नाही. दगड फेऱ्यांमध्ये वेग घेतो आणि एक टोक सोडताच निघून जातो. दंडाच्या बळापेक्षा टोक सोडण्याचा नेमका क्षण साधणे तिथे महत्त्वाचे असते.

ठासणीच्या बंदुकीपासून कायद्यापर्यंत

बंदुकीने खांद्याचा प्रश्न एका फटक्यात बदलला. तोड्याच्या बंदुकीत दारू आणि गोळी गजाने ठासायची, कानावर रंजक घालायची आणि जळती जामगी टेकवायची. गोळीला लागणारे बळ दारूतून येते. माणसाला फक्त नळी स्थिर धरावी लागते आणि क्षणभर धक्का सोसावा लागतो. वर्षानुवर्षे घडवलेला धनुर्धर आणि काही महिने शिकलेला बंदूकवाला यांच्यातले अंतर त्यामुळे मिटले. शिवाजी महाराजांच्या फौजेत बंदूकवाल्या पायदळाला मोठे स्थान होते. मुघल स्वारांच्या खांद्यावर सतराव्या शतकाअखेरपर्यंत धनुष्य दिसे, पण त्याचे दिवस भरत आले होते. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळना आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ असईची लढाई झाली. आर्थर वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांचे सैन्य यांच्यातील त्या लढाईचा निकाल तोफा, बंदुका, संगिनी आणि घोडदळाच्या हल्ल्यांनी लागला.

1827 मध्ये जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी उभारली गेली. छावणीतल्या अधिकाऱ्यांना आजूबाजूचे माळ हे शिकारीचे रान होते. गावोगावच्या पाटील-देशमुखांकडे ठासणीच्या बंदुका होत्याच. पुढे काडतुसाच्या आणि लांब पल्ल्याच्या रायफली आल्या, मोटारी आल्या, तेव्हा शिकार करायला ना बळ लागले, ना जनावराची पारख. सोपेपणाचा परिणाम भयंकर झाला. काळविटांचे मोठे कळप विरळ झाले. 1947 मध्ये आताच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये झाला. सुरुवातीला त्यात परवान्यावर काही प्राण्यांच्या शिकारीला वाव होता. 1991 च्या दुरुस्तीने तोही बंद झाला. काळवीट आणि चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे. बंदूक, धनुष्य, फास, हाकारा या सर्वांनाच कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हटले आहे. त्यामुळे आज जालना जिल्ह्यात कोणत्याही धनुष्याने हौशी शिकार करणे हा गुन्हा आहे.

आजचे धनुष्य आणि साधनाची निवड

शिकार संपली तरी धनुष्याची ओढ हलकी करण्याचे प्रयत्न थांबले नाहीत. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील होलेस विल्बर अॅलन याने कांबीच्या टोकांना विकेंद्री कप्प्या बसवलेले कंपाउंड धनुष्य तयार केले आणि 1969 मध्ये त्याला पेटंट मिळाले. या धनुष्यात ओढीचा सर्वांत कडक टप्पा मधे येतो. दोरी पूर्ण मागे आली की धरून ठेवायचे वजन बरेच घटते आणि नेम धरताना खांदा थरथरत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी याच प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. जन्मतः हात नसलेली शीतल देवी धनुष्य पायाने धरते, दोरी खांद्याला लावलेल्या साधनाने ओढते आणि जबड्याने सोडते. तिने 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमारच्या जोडीने कांस्यपदक मिळवले.

जिथे कायद्याने मुभा आहे अशा देशांत आडव्या धनुष्याने शिकार अजूनही चालते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी धनुष्याच्या हंगामात ते आधी अपंग शिकाऱ्यांपुरतेच खुले केले होते. तिथे आज मिळणारी ओढीची साधने जुन्याच घराण्यातली आहेत. 150 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 68 किलोच्या ओढीला कप्पीची दोरी वापरली की भार साधारण निम्म्यावर येतो आणि दोन हातांत वाटला जातो. ज्याचे दोन्ही खांदे धड आहेत पण बळ कमी आहे, त्याला ती पुरते. ती हलकी आहे आणि लवकर लागते. एका खांद्याला इजा असेल किंवा हात पुरता वर उचलता येत नसेल, तर दोरीची ओढ दोन्हीकडे सारखी पडत नाही, दोरी मधोमध बसत नाही आणि बाण भरकटतो. अशा माणसाला हँडलचे दातेरी यंत्र बरे. त्याने भार थोड्या किलोंवर येतो आणि दोरी नेमकी मध्यावर राहते. मात्र ते जड असते, वेळ घेते आणि काही यंत्रांत बाण न सोडता दोरी उतरवताना हँडल हातातून सुटले तर मनगट मोडू शकते. म्हणून दोरी सावकाश उतरवण्याची सोय आणि आपोआप अडकणारी खीळ असलेले यंत्रच घ्यावे.

हीच समज मैदानावरच्या नेमबाजालाही लागते. खांदा जेवढा सुखाने ओढू शकतो त्याहून कडक धनुष्य घेणे ही सर्वांत मोठी चूक. जोर लावूनच दोरी मागे येत असेल तर नेम बिघडतो आणि सांधा कायमचा दुखावतो. ओढ कमी घ्यावी, लेझमीसारख्या सरावाने ती टप्प्याटप्प्याने वाढवावी आणि जिथे शरीर साथ देत नाही तिथे साधनाची मदत बिनदिक्कत घ्यावी. जालना परिसरातल्या धनुर्धरांचा आणि पारध्यांचा इतिहास हेच सांगतो की दुबळ्या खांद्याला कमीपणा मानण्याचे कारण नाही. बळाची उणीव सराव, युक्ती आणि यंत्र या तिन्हींनी भरून निघते.